पैनगंगेपलीकडचा भाचा

मुक्काम तांडा, घाटंजीपासून चार मैल,
सोमवार, दि. १७ जुलै १९६१

तीर्थस्वरूप हिरासिंग मामांच्या चरणी भाचा पूनमसिंग याचा डोकं जमिनीला लावून राम राम. (डोकं खरोखर लावलं आहे. कपाळाला शेण लागलं, कारण तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या याडीने, नुकतंच सारवलं होतं.)

सेवालाल महाराजांच्या कृपेने इकडे सर्व खुशाल आहे. तिकडे नेरला आपली प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी रीत म्हणून विचारत नाही. तुमच्या प्रकृतीची चौकशी करायला मला तोंड राहिलेलं नाही हे मला माहीत आहे, तरी विचारतो, कारण प्रकृती ठणठणीत असल्याशिवाय पुढचं पत्र वाचू नये. मामींना नमस्कार. म्हशीला पारडू झाल्याचं ऐकलं, आनंद वाटला. चिरंजीव भावसिंगला आशीर्वाद द्यायचा तर तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे, आणि नमस्कार करायचा तर माझा हात उठत नाही, तेव्हा त्याला नुसतं ‘पत्र आलं’ एवढं सांगावं.

मामा, तुम्ही माझं मागचं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं. त्यात शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका होत्या आणि खाली शेरा होता, ‘मजकूर खोटा’. या खेपेला मजकूर खरा आहे. शुद्धलेखनाची हमी देत नाही.

फेब्रुवारीत झालं ते तुम्ही विसरला नसाल. पण माझी बाजू कोणी ऐकलीच नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही ओळखीच्या माणसाला चिठ्ठी देऊन मला हैदराबादच्या कॉलेजात आणि वसतिगृहात घातलं, तिथं मी दीड वर्ष नीट राहिलो. इंटरची परीक्षा दोन महिन्यांवर होती. तेवढ्यात लालीचं पत्र आलं. (लाली म्हणजे शेजारच्या तांड्याच्या धावजी नायकाची मुलगी. व्हर्नाक्युलर फायनल होऊन आता तिथल्याच शाळेत मास्तरीण झाली आहे. तुम्ही तिला ओळखता. तुम्हीच तिला बाराखडी शिकवली.) पत्रात पिकापाण्याचं लिहून शेवटी एक ओळ होती, की तुमचा भावसिंग एस.टी.त कंडक्टर झाला, त्याने नवी सायकल घेतली, आणि दर रविवारी तो आमच्या तांड्यावर येतो. मामा, माणूस दर रविवारी बत्तीस कोस सायकल कशाला हाणतो? व्यायाम म्हणून नाही. मी वॉर्डनसाहेबांकडे आठ दिवसांची रजा मागायला गेलो. कारण काय द्यावं? मनात आलं ते लिहिलं, ‘मामा अत्यवस्थ’. त्यांनी रजिस्टर काढलं, मागची पानं उलटली आणि म्हणाले, हे मामा तर तुमचे ऑक्टोबरातच वारले. (दसऱ्याला लालीच्या तांड्यावर जत्रा होती. मी विसरूनच गेलो होतो.) माझ्या तोंडून निघून गेलं की रजा द्यायची नसेल तर नावच कापा. त्यांनी तिथल्या तिथे, चांगल्या निळ्या शाईने कापलं. पट्टी लावून कापलं, मामा. इतकी सरळ रेघ मी त्या कॉलेजात दुसरी पाहिली नाही.

वॉर्डनसाहेबांनी ऑक्टोबरात पाठवलेलं दुखवट्याचं कार्ड तुमच्याच हातात पडलं, हे मला घरी आल्यावर कळलं. स्वतःबद्दल ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असं वाचताना माणसाला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. मी फेब्रुवारीत परतलो त्या दिवशी तुम्ही नेरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, चार माणसांत म्हणालात, ‘‘आजपासून तू माहा भाचा नाई.’’ हे वाक्य मी मनाला लावून घेतलेलं नाही. जपून मात्र ठेवलं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

तर घरी आलो. लालीकडे गेलो. ती मुलांचे पाढे घेत होती. मी सांगितलं, तुझ्यासाठी कॉलेज सोडून आलो. मला वाटलं होतं ती निदान खडू तरी खाली ठेवील. ती म्हणाली, ‘‘मायासाठी कायले? तू तं कोनतंबी काम अर्धंच सोडतं. विहीर अर्धी खोदली, तबला अर्धा शिकला, आता इंटर अर्धी. अर्ध्या मान्साचं मी काय करू?’’ आणि अट घातली. तीजेच्या टोपल्यांत गहू पेरायच्या आत कॉलेजात पुन्हा नाव घातल्याची पावती आणून दाखव, मग बापाजवळ तोंड उघडीन. नाही तर बाप जिकडे म्हणेल तिकडे. मामा, तुम्हाला ठाऊकच आहे, तीजेला पोरी टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात आणि नवऱ्याच्या नावाने गाणी म्हणतात. यंदा ती कोणाचं नाव मनात धरून पाणी घालणार, हा प्रश्न आहे. माझ्या आयुष्यात दुसरा प्रश्न नाही.

हैदराबादला परत जायची सोय नव्हती (ती रेघ). म्हणून यवतमाळला नवं निघालेलं लोकोन्नती महाविद्यालय गाठलं. हे कॉलेज सध्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरतं. प्राध्यापक जोरात बोलले की वरून कापसाचे तंतू पडतात आणि दौतीत कापूस उगवतो. ऑफिसात टाकरखेडे बाबू बसतात. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्या खुर्चीमागे नियमांचं पुस्तक टांगलेलं आहे, आणि ते त्यात बोट घातल्याशिवाय ‘बसा’सुद्धा म्हणत नाहीत. त्यांनी यादी सांगितली. बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्याने कॉलेज सोडल्याचा दाखला आणावा, त्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणावं, वर्तणुकीचा दाखला आणावा, दोन फोटो आणावे (टोपीशिवाय), आणि मुदत पंधरा जुलै, दुपारी चार.

मी हैदराबादला तीन पत्रं आणि एक तार केली. कागद आले. वर्तणुकीच्या दाखल्यावर वॉर्डनसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘बोलत नसताना वर्तन उत्तम’. टाकरखेडे बाबूंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालेल म्हणाले. सगळं जमलं असं वाटलं. तेवढ्यात त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान या रकान्यात घाटंजीच्या मास्तरांनी लिहून ठेवलं आहे, ‘फिरस्ती’.

बाबूंनी विचारलं, हे गाव कोणत्या तालुक्यात येते? मी म्हटलं, हे गाव नाही, आमचा तांडा तेव्हा बैलांवर माल लादून फिरत होता. ते म्हणाले, फिरत होता हे ठीक, पण तुम्ही फिरता फिरता जन्मला नसाल, कुठेतरी थांबून जन्मला असाल. तर ते ठिकाण, आणि जन्मतारखेला पुरावा. मास्तरांनी लिहिलेल्या एक जूनवर त्यांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, या जिल्ह्यात मी आजवर जेवढे दाखले पाहिले तेवढी सगळी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. एवढ्या सुइणी होत्या कुठे?

तांड्यावर आलो आणि आमच्या धरमसिंग नायकाच्या दारात माणसं जमवली. मामा, तुमच्या बहिणीच्या मुलाचा जन्म कुठे झाला, या एका गोष्टीवर लिंबाखाली दोन प्रहर भांडण झालं. एकजण म्हणाला पैनगंगेच्या अलीकडे, एकजण म्हणाला पलीकडे, एका म्हाताऱ्याचं ठाम मत पडलं की मी जन्मलोच नाही, तो दुसरा पूनमसिंग. एक बाई म्हणाली भर नदीत, वाळूवर, कारण तिला पाय भाजल्याचं आठवतं. शेवटी सगळे याडीकडे वळले. याडी भाकरी थापत होती. ती म्हणाली, ‘‘मी तुले जनम देऊन राह्यली होती का नदी मोजून राह्यली होती?’’ आणि पुढे म्हणाली, नाळ मात्र अलीकडे पुरली, घाटंजीच्या अंगाला पळसाखाली. कारण सासू म्हणाली, निजामाच्या मातीत नाळ पुरली तर पोरगं मोठेपणी तिकडेच पळेल. सुइणीने मग ती मडक्यात घालून नदी ओलांडून आणली. (म्हणजे मामा, आजीने एवढी काळजी घेऊनही मी हैदराबादला पळालोच. हा अंधश्रद्धेविरुद्ध पुरावा आहे की बाजूने, ते तुम्ही मास्तर आहात, तुम्ही ठरवा.)

हे ऐकून नायक उठला, आत गेला आणि बांबूची नळी घेऊन आला. तुम्हाला ती नळी माहीत असेल. तांड्याचे सगळे कागद त्याच्या बापापासून तीत आहेत. त्यातून त्याने करोडगिरी नाक्याच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, दोन पावत्या काढल्या. बैलांवरून माल वाहायची ती आपल्या तांड्याची शेवटची लदेणी होती, मिठाची. निजामाच्या हद्दीत शिरताना नाक्यावरच्या मुनशीने बैल, गोण्या आणि माणसं मोजून पावती दिली, आणि परतताना पुन्हा मोजून दुसरी दिली. कागद उर्दूत. तांड्यात कोणाला वाचता येईना. हैदराबादला दीड वर्षात मी जी एकच गोष्ट पुरी शिकलो ती म्हणजे उर्दू वाचणं, आणि ती त्या दिवशी कामाला आली. मी मोठ्याने वाचलं. जाताना बैल सेहेचाळीस, माणसं तेवीस. सहा दिवसांनी येताना बैल पंचेचाळीस, माणसं चोवीस.

सगळा तांडा माझ्याकडे पाहू लागला. चोविसावा मी. मामा, माझ्या अंगावर काटा आला. सरकारी कागदावर कोणीतरी मला मोजलं होतं, मी सहा दिवसांचाही नसताना. नायकाचे डोळे भरून आले. मला वाटलं माझ्यासाठी. पण तो म्हणाला, ‘‘तो सेहेचाळिसावा बैल, ढवळ्या. तसा बैल पुन्ना नाई झाला.’’ मग पुष्कळ वेळ ढवळ्याच्याच गोष्टी निघाल्या, आणि एकंदर सूर असा पडला की त्या खेपेला तांडा तोट्यात आला.

इथे माझी चूक झाली. शहाण्या माणसाने त्या पावत्या नळीत परत घातल्या असत्या आणि जन्मस्थान म्हणून सरळ घाटंजी लिहिलं असतं. पण मला पुराव्याची नशा चढली. शुक्रवारी मी त्या दोन्ही पावत्या टाकरखेडे बाबूंच्या टेबलावर आपटल्या आणि म्हणालो, हा घ्या माझा जन्म, मोजून घ्या. त्यांनी चष्मा पुसला. मी शब्दाशब्दाचं मराठी करून सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा साल उतरवून घेतलं, १३५०. बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, म्हणजे तुमचं वय सहाशे अकरा? मी सांगितलं की ते निजामाचं फसली साल आहे, आपल्या हिशेबाने एक्केचाळीस. ते म्हणाले, असं का, निजामाचं साल, निजामाचा नाका, निजामाची हद्द, आणि जाताना नव्हते ते येताना होते. म्हणजे तुमचा जन्म निजामाच्या राज्यातला. एक्केचाळीस साली ते आपलं राज्य नव्हतं. वर तुम्ही येताय हैदराबादहूनच. त्यांनी मागे हात घालून नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं आणि मला अगदी आदराने सांगितलं, ‘‘तुमी परदेशी विद्यार्थी हाय. तुमचा फॉर्म येगळा.’’

मामा, ज्याची नाळ पळसाखाली, ज्याची आई याच जिल्ह्यात भाकरी थापते, त्याला परदेशी. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुमची लाल शाई संपेल. डोमाजी शिपायाने मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि पाणी पाजलं.

रागाच्या भरात कोर्टासमोरच्या देवराव अर्जनवीसांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, बाबूला सांग की असं असेल तर वऱ्हाड मुळात निजामाचंच होतं, इंग्रजाने नुसतं पट्ट्याने घेतलेलं होतं. अठ्ठेचाळीसच्या आधी वऱ्हाडात जन्मलेला जो तो निजामाचा. टाकरखेडे कुठला? दारव्ह्याचा. प्रिन्सिपॉल कुठला? दिग्रसचा. मग तेही परदेशी. हे त्यांनी मला कायद्याच्या भाषेत तीन पानी अर्जात लिहून दिलं. इतका सुंदर अर्ज मी पाहिला नाही. रात्रभर मी तो पाठ केला.

शनिवारी, पंधरा जुलैला, दुपारी साडेतीनला मी ऑफिसात उभा राहून अर्ज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर टाकरखेडे बाबूंनी मान खाली घातली. दुसऱ्या पानावर, मी त्यांच्या जन्मगावापाशी आलो तेव्हा, त्यांनी टाक खाली ठेवला आणि घाम पुसला, कारण परदेशी माणसाला पेन्शन लागू होते की नाही हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. आवाज ऐकून प्रिन्सिपॉल साहेब बाहेर आले. मी त्यांच्याकडे वळून तिसरं पान उलटणार, एवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. ते शांतपणे म्हणाले, बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांची मुदत संपली, बाळ. जागाही भरल्या. आता एकच जागा शिल्लक आहे, तिची मुदत एकतीसपर्यंत, कारण ते लोक बोटीने येतात. ती परदेशी विद्यार्थ्याची. कॉलेज निघाल्यापासून कोणी आलेलं नाही.

मामा, मी तिसरं पान घडी करून खिशात घातलं. जन्मात मी पुष्कळ गोष्टी अर्धवट सोडल्या आणि दर वेळी खड्ड्यात गेलो. फायद्यात राहिलो तो या एकाच वेळी. मी म्हटलं, साहेब, टाकरखेडे बाबूंचं बरोबर आहे. मी निजामाचाच. बाबूंनी एवढा मोठा निःश्वास सोडला की दौतीतला कापूस हलला.

मग काय विचारता. खुर्ची आली, चहा आला. डोमाजी शिपाई, ज्याने मला आदल्या दिवशी दंडाला धरून बाहेर काढलं होतं, तो आता दारातून हळूच डोकावून परदेशी माणूस पाहू लागला. फॉर्म कपाटाच्या तळाशी निघाला, त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. देवीची लस टोचल्याचा दाखला हवा होता, तो माझ्या दंडावरच होता, दाखवला. विद्यार्थ्याच्या देशातल्या अधिकाऱ्याचं पत्र हवं होतं. धरमसिंग नायकाचा अंगठा असलेला कागद, जो मी जन्माच्या पुराव्यासाठी नेला होता, तो त्याच जागी चालला. इथल्या भाषेचं ज्ञान तोंडी तपासायचं होतं. त्यासाठी पुण्याहून नवे आलेले मराठीचे प्राध्यापक बोलावले. त्यांनी फार हळूहळू, एकेक शब्द सुटा करून मला विचारलं, आपण, इकडे, केव्हा, आलात? मी म्हटलं, ‘‘आज सकायीच आलतो सायेब, एष्टीनं, उभ्याउभ्यानं. पाय भरून आले.’’ त्यांनी अजून दोन प्रश्न विचारले, मी अजून दोन उत्तरं दिली. त्यांनी शेरा लिहिला, ‘मराठी बऱ्यापैकी समजते. उच्चार परदेशी. प्रयत्न कौतुकास्पद.’ मी उत्तीर्ण झालो. मराठीत मी आयुष्यात पहिल्यांदा एका फटक्यात उत्तीर्ण झालो.

प्रिन्सिपॉल साहेब एवढे खूश आहेत की पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात त्यांनी माझं भाषण ठेवलं आहे, विषय ‘माझा देश आणि तेथील चालीरीती’. राष्ट्रीय पोशाखात यावं अशी विनंती केली आहे. मी नायकाला त्याचा लाल फेटा मागितला. त्याने विचारलं कशाला, मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, भाषणात ढवळ्याचंही दोन शब्द बोल.

फॉर्मच्या शेवटी एक प्रतिज्ञा होती. ‘शिक्षण पूर्ण होताच मी माझ्या देशी परत जाईन व येथे राहणार नाही.’ तिच्यावर सही केली, आणि काल रविवारी त्या फॉर्मची नक्कल लालीला नेऊन दाखवली. ती शिकवणीच्या मुलांना फळ्यावर गणित देत होती. भावसिंगची सायकल दारात नव्हती. बरं वाटलं. तिने मास्तरणीसारखा सगळा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, वाळवीचा कोपरासुद्धा. प्रतिज्ञेपाशी थांबली. म्हणाली, ‘‘शिकून झाल्यावर कोनत्या देशी जाशीन?’’ मी म्हटलं, ‘‘कोनत्या म्हंजे? इथंच. तांड्यावर.’’ तिने फॉर्मची घडी करून माझ्या हाती दिली. मग म्हणाली, ‘‘मंग लवकर जाय. आन् हे तरी पुरं कर.’’ आणि मामा, तिने खडू खाली ठेवला.

पण तिने हेही सांगितलं की ही नक्कल म्हणजे पावती नव्हे. पावती म्हणजे पावती. आणि ती अजून मिळालेली नाही, एक लहानसा कागद राहिला आहे. तो काही विशेष नाही. त्यासाठी मी तुम्हाला पत्र लिहिलं असं समजू नये. पत्र केवळ तुमची प्रकृती विचारायला लिहिलं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पारडासारखे गोड पापे, आणि तुमच्या पायांवर पुन्हा एकदा डोकं (आता सारवण वाळलं आहे).

आपलाच,
पूनमसिंग

ता. क. तो लहानसा कागद असा. परदेशी विद्यार्थ्याला इथला एक स्थानिक पालक लागतो. तो दहा वर्षं नोकरी झालेला शिक्षक किंवा मोठा सरकारी अधिकारी असावा. अधिकारी मला कोणी ओळखत नाही. घाटंजीच्या शिक्षकांपैकी दोघांशी माझं भांडण आहे आणि तिसऱ्यांनी माझ्यामुळे बदली मागून घेतली. राहिलात तुम्ही. आता नियमात पुढे एक ओळ आहे, की ‘पालकाचा विद्यार्थ्याशी कोणताही नातेसंबंध नसावा’, आणि तसं त्याने प्रिन्सिपॉलसमोर लिहून द्यावं. मामा, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगणार नाही, फेब्रुवारीनंतर मी ते सोडलं आहे. तुम्ही नेरच्या स्टँडवर चार माणसांत जे म्हणालात ना, ‘आजपासून तू माझा भाचा नाही’, तेवढंच शुद्ध भाषेत लिहून खाली सही करायची आहे. साक्षीदार लागले तर टपरीवाला आहे. येत्या गुरुवारी साहेब यादी घेऊन नागपूरला जाणार आहेत, तेव्हा सकाळी अकराच्या आत यवतमाळला यावं. ऑफिसात माझ्याकडे रागाने पाहिलंत तरी चालेल. मला हाक मात्र ‘मिस्टर राठोड’ अशी मारावी.

ता. ता. क. (यवतमाळच्या स्टँडवरून.) पोस्टाला दोन दिवस लागतात म्हणून हे पत्र भावसिंगच्याच हाती देतो आहे. त्याची गाडी आज यवतमाळहून नेरला सुटते. आत औषधाची पुडी आहे असं त्याला सांगितलं. तो पाकीट फोडणार नाही, सचोटीचा आहे. (सख्ख्या आतेभावालाही तिकीट काढायला लावतो. नियमांचं पुस्तक टांगलं नाही एवढंच.) स्टँडवर मी शेवटी त्याला तोंडावर विचारलं, दर रविवारी लालीकडे कशाला जातो? तो लाजला. म्हणाला, बापाला सांगू नको. कंट्रोलर व्हायला मॅट्रिक लागतं, मराठी आणि गणित लालीकडे शिकतो, ती मोठ्या माणसालाही छडी मारते. हात दाखवला, वळ होते. मास्तर बापाला कळू नये म्हणून बत्तीस कोस सायकल हाणतो, आणि लग्नाचं म्हणाल तर त्याच्या मनात दिग्रसकडची कोणी आहे. म्हणजे मी हैदराबाद उगाचच सोडलं. हे लालीला कळू देऊ नका. आणि हे मी तुम्हाला सांगितलं असं भावसिंगला कळू देऊ नका.

ता. ता. ता. क. शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. आपल्यात मामाशिवाय सोयरिकीचं बोलणं होत नाही, हे मला सांगायला नको. धावजी नायक पहिला प्रश्न करील, पोराचा मामा कुठाय? तेव्हा मामा, या गुरुवारी अकराच्या आत तुम्ही माझे कोणी नसाल असं करा, आणि तीजेचे गहू विसर्जनाला निघतील त्या दिवशी लालीच्या तांड्यावर येऊन मला पुन्हा भाचा म्हणा. चार माणसांत म्हणा. ते लिहून द्यायची गरज नाही, तोंडी चालेल.